अर्धा मिलिमीटर ॲल्युमिनियम: सोलापुरातल्या एका डिटेक्टरचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागातलं आहे. महाविद्यालयाचं नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम गाळली आहे. नळ्यांची मापं, हिशेब आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. प्रकल्पाची मार्गदर्शक मी होते. यात झालेली मुख्य चूक माझ्या सहीनेच अहवालात गेली होती, म्हणून ती मीच सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

एम.एस्सी.च्या चौघांना प्रकल्प दिला होता: दुर्मीळ क्षय शोधणाऱ्या प्रयोगासाठी कणांचा मार्ग टिपणारा ट्रॅकर कसा असावा याचा आराखडा करा, आणि त्यातला एक लहान तुकडा स्वतः बांधून चालवून दाखवा. विषय त्यांनीच निवडला. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद; तो न्यूट्रिनो हे हलके कण न सोडता थेट इलेक्ट्रॉन होतो का, हा तो प्रश्न.

ॲल्युमिनियमच्या अणूत अडकलेल्या म्युऑनचं असं थेट रूपांतर झालं, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरलेली असते, जवळजवळ १०५ एमईव्ही (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक; संवेगही त्यातच सांगतात). आजवर असा एकही इलेक्ट्रॉन सापडलेला नाही. सिंड्रम-२ प्रयोगाने २००६ साली सोन्याच्या केंद्रकावर घातलेली मर्यादा आहे दहा लाख कोटींत ७. अमेरिकेतल्या फर्मिलॅबचा म्यूटूई आणि जपानमधल्या जे-पार्कचा कॉमेट हे प्रयोग त्याच्या कितीतरी पुढे जाण्यासाठी आखलेले आहेत.

अडचण अशी की अडकलेला म्युऑन नेहमीच्या पद्धतीनेही क्षय पावतो, आणि केंद्रकाने धक्का घेतला की त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जाही अगदी क्वचित १०५ च्या जवळ पोचते. १०५ च्या या टोकाशी अशा इलेक्ट्रॉनांची संख्या अंतराच्या पाचव्या घाताने घटते. टोकापासूनचं अंतर निम्मं झालं की संख्या बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे खरा इलेक्ट्रॉन आणि तोतया यांच्यात फरक करायला हातात एकच गोष्ट उरते, संवेगाचं अचूक मोजमाप. म्यूटूईला १०५ एमईव्हीत ०.१८ एमईव्हीपेक्षा बारीक मोजायचं आहे. त्यासाठी तिथे ५ मिलिमीटर व्यासाच्या, १५ मायक्रॉन भिंतीच्या पॉलिएस्टर नळ्या निर्वातात ताणून बसवतात, वीस हजारांहून जास्त. या नळ्यांना सगळे स्ट्रॉ म्हणतात.

त्या आराखड्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मधली मोकळी जागा. मोकळ्या म्युऑनच्या क्षयातून येणारा इलेक्ट्रॉन ५२.८ एमईव्हीच्या वर जात नाही, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात तो लहान वेटोळं घेत मधल्या पोकळीतूनच निघून जातो आणि नळ्यांना शिवतही नाही. डिटेक्टर असा रचायचा की बहुतेक कणांना त्याचा स्पर्शच होऊ नये, आणि ज्यांना होईल त्यांना कमीत कमी व्हावा. मुलांना मी हे वर्गात समजावून सांगितलं होतं. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली होती.

पहिला निर्णय

बांधणीची वेळ आली तेव्हा आम्ही ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या. १० मिलिमीटर व्यास, अर्धा मिलिमीटर जाडीची भिंत, ६० सेंटीमीटर लांबी. चार थर, प्रत्येक थरात चार नळ्या, दोन थरांमध्ये १० सेंटीमीटर.

कारणं त्या वेळी पटण्यासारखी होती. ॲल्युमिनियमची नळी सरळ राहते, गळत नाही, बाजारात मिळते, आणि तिला ताण देऊन धरावं लागत नाही. शिवाय पूर्वीचे दाखले होते. जिनिव्हाच्या ॲटलास प्रयोगातल्या म्युऑन नळ्या ॲल्युमिनियमच्याच आहेत, ०.४ मिलिमीटर भिंतीच्या. गटातला मुलगा म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे कोलारला तर लोखंडाच्या होत्या." तेही खरं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रोटॉनचा क्षय शोधण्यासाठी लोखंडी प्रपोर्शनल काउंटर (वायू भरलेल्या, कण टिपणाऱ्या नळ्या) रचले होते, आणि तशाच काउंटरांवर उटीचा ग्रेप्स-३ प्रयोग आजही चालतो.

दोन्ही दाखले बरोबर, आणि दोन्ही आपल्या कामाचे नाहीत, हे मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. कोलारला क्षय पावणारा प्रोटॉन त्या लोखंडातलाच असणार होता, म्हणून तिथे वस्तुमान जितकं जास्त तितकं चांगलं. ॲटलासमधले म्युऑन इतक्या वेगाचे असतात की पातळ ॲल्युमिनियम त्यांच्या खिजगणतीत नसतं. "दुर्मीळ क्षय" या एकाच नावाखाली उलट्या गरजांचे प्रयोग येतात. आम्ही नावावरून नळी निवडली.

वायू मात्र फार सोयीने मिळाला. वेल्डिंगसाठी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं ८०:२० मिश्रण सिलिंडरमध्ये तयार मिळतं, आणि म्यूटूईच्या नळ्यांतही हेच प्रमाण आहे. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमुळे आमची ती सोय झाली. मधली तार सोन्याचा मुलामा दिलेल्या टंगस्टनची, २५ मायक्रॉनची. कण नळीतून गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे सरकतात. त्यांना लागलेल्या वेळावरून कण तारेपासून किती लांबून गेला ते कळतं. भिंतीपासून तारेपर्यंत यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात.

अडचण कुठे कळली

कण म्हणून आकाशातून येणारे वैश्विक म्युऑन वापरले. ते फुकट असतात आणि रात्रंदिवस येतात, हातावर धरलेल्या एका चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक. मॉड्यूल उत्तम चाललं. पहिल्या दोन थरांवरून रेषा ओढायची आणि ती तिसऱ्या थरात कुठे पोचते ते प्रत्यक्ष नोंदीशी ताडायचं. फरकाचा पसारा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला, आणि तो नळीच्या मोजमापातल्या त्रुटीएवढाच होता. भिंतीच्या जाडीचा परिणाम शोधून सापडेना. मध्यावधी अहवालात मुलांनी लिहिलं: ॲल्युमिनियमच्या भिंतीमुळे मार्गात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, सबब अंतिम आराखड्यासाठी ॲल्युमिनियमची शिफारस. मी त्यावर सही केली.

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "हे म्युऑन किती संवेगाचे होते?"

सरासरी ४ जीईव्ही, म्हणजे ४००० एमईव्ही. आम्हाला हवा असलेला इलेक्ट्रॉन १०५ चा. पदार्थातून जाताना कण किती वळतो ते त्याच्या संवेगाच्या व्यस्त प्रमाणात असतं. संवेग जवळजवळ चाळीस पट, तर विखुरणं चाळिसाव्या हिश्श्याएवढं. त्याच संध्याकाळी फळ्यावर हिशेब मांडला. १० मिलिमीटरच्या नळीतून सरासरी दीड मिलिमीटरच्या वर ॲल्युमिनियम ओलांडावं लागतं. ४ जीईव्हीचा म्युऑन त्यात इतका कमी वळतो की पुढच्या थरापर्यंत त्याचा सरकाव ०.०४ मिलिमीटर होतो. आमच्या यंत्राला तो दिसणं शक्यच नव्हतं. १०५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन मात्र १४-१५ मिलिरेडियन वळतो आणि पुढच्या थरात जवळजवळ दीड मिलिमीटर बाजूला पोचतो. वर एकेका नळीत तो अर्ध्या एमईव्हीहून जास्त ऊर्जा गमावतो, आणि मोजायची आहे ०.१८ एमईव्हीची बारकाई. पहिल्याच नळीत सगळं गेलं.

आमचं मोजमाप चुकलेलं नव्हतं, आकडेही खरे होते. ते ज्या कणाचे होते, तो कण आमच्या आराखड्यातला नव्हता.

समोरचे पर्याय

परीक्षेला अडीच महिने होते. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे शिफारशीचं वाक्य काढून टाकायचं आणि मॉड्यूल "वैश्विक म्युऑनचा ट्रॅकर" म्हणून सादर करायचं. गुण मिळाले असते. दोघांचा कल तिकडे होता आणि त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे पीएच.डी.चे अर्ज होते.

दुसरा पर्याय होता संगणकावरचं अनुकरण. जिआंट-४ ही प्रणाली मोफत मिळते, आणि १०५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन तिच्यात हवा तसा सोडता येतो. ते करायचंच होतं. पण गटातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी आपल्याला प्रत्यक्ष मोजमापानेच खात्री वाटली होती. आता ती मोडायची तर मोजमापानेच मोडू." मला ते पटलं.

मग स्ट्रॉन्शियम-९० चा स्रोत. जीएम काउंटरच्या प्रात्यक्षिकासाठी तो विभागात होताच. त्याच्या बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त २.२८ एमईव्ही. इथे दुसऱ्या टोकाची चूक झाली असती. इतका मंद इलेक्ट्रॉन अगदी पातळ फिल्ममधूनही भलतीकडे वळतो, त्यामुळे चांगली नळीही वाईट दिसली असती. पहिल्या चाचणीने जाड नळीला पास केलं होतं, या चाचणीने पातळ नळीला नापास केलं असतं. या पर्यायावर आम्ही दोन दिवस घालवले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही. चाचणीचा कण प्रयोगाच्या कणाच्या जवळपासचा हवा, हे मुलांना तिथे पक्कं कळलं.

शेवटी निवडला तो मार्ग असा: वैश्विक म्युऑनच घ्यायचे, पण त्यातले मंद तेवढे वेचायचे. ट्रॅकरच्या खाली १० सेंटीमीटर शिसं, त्याखाली आणखी एक सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारा काउंटर. जो म्युऑन ट्रॅकरमधून गेला पण शिशाखालच्या काउंटरला दिसला नाही, तो शिशात थांबला. तेवढं शिसं थांबवू शकतं ते साधारण २२० एमईव्हीच्या आतल्या संवेगाचे म्युऑन. १०५ नव्हे, पण ४००० च्या मानाने खूपच जवळ. या म्युऑनचा हिशेबाने येणारा सरकाव पाऊण मिलिमीटरच्या वर, म्हणजे आमच्या यंत्राला दिसण्याजोगा.

काय केलं

शिशाच्या बारा विटा, एकेक अकरा किलोच्या वर, तळमजल्यावरच्या स्टोअरमधून दुसऱ्या मजल्यावर न्याव्या लागल्या. त्यात एक सकाळ गेली.

पहिल्या आठवड्याचा डेटा फार चांगला दिसला, म्हणून शंका आली. थांबणाऱ्यांचं प्रमाण अपेक्षेहून बरंच जास्त होतं. कारण साधं निघालं. तिरपे येणारे वेगवान म्युऑन शिशाच्या कडेतून निसटून खालच्या काउंटरच्या बाहेर पडत होते, आणि आम्ही त्यांना "थांबले" म्हणून मोजत होतो. खालचा काउंटर दोन्ही बाजूंनी रुंद केला आणि कडेचे मार्ग गाळले, तेव्हा प्रमाण खाली आलं. उरलेल्या मंद कणांत तिसऱ्या थरातला पसारा वेगवान कणांच्या दुपटीहून जास्त होता. ज्या नळ्यांवर "फरक पडत नाही" असं लिहिलं होतं, त्याच नळ्या, तेच वायरिंग.

आता पातळ नळ्या. स्ट्रॉ विकत आणायला वेळ नव्हता आणि पैसेही नव्हते. इथे सोलापूरच मदतीला आलं. गटातल्या एका मुलीचं घर पूर्व भागात, घरात दोन पिढ्या यंत्रमाग. तिला माहीत होतं की कापडात जी स्वस्त जर (चमकता धागा) विणतात, ती बऱ्याचदा धातूचा मुलामा दिलेली पॉलिएस्टर फिल्म कापून केलेली असते. रंगाचा लेप नसलेली रुपेरी फिल्म, १२ मायक्रॉनची, तिने ओळखीच्या दुकानातून मिळवली. पॉलिश केलेल्या स्टीलच्या सळईवर दोन पट्ट्या तिरक्या गुंडाळायच्या, दुसरी पट्टी पहिलीच्या सांध्यावर येईल अशी, आणि मध्ये इपॉक्सीचा हलका हात. भिंत सुमारे ३० मायक्रॉनची होते. म्यूटूईच्या दुप्पट, पण ॲल्युमिनियमच्या नळीच्या सतराव्या हिश्श्याएवढी, आणि पॉलिएस्टर हलकं असल्यामुळे विखुरणं त्याहूनही कमी. याच नळीतून १०५ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन पुढच्या थरापर्यंत ०.२ मिलिमीटरच्या आतच सरकतो.

पहिल्या पाच नळ्या फेकाव्या लागल्या. मार्च संपत आला होता आणि हवा खडखडीत कोरडी होती. फिल्म उलगडली की स्थिर विजेने हाताला चिकटायची, आणि खोलीतली सगळी धूळ, कापसाचे तंतू ओढून घ्यायची. एक तंतू सांध्यात अडकला की तिथून वायू गळणार. मुलीने घरी हे सांगितलं तर तिचे आजोबा, ती त्यांना ताता म्हणते, स्वतः प्रयोगशाळेत आले. तिचं काम बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काय करालीस? फरशीवर पाणी मार की आधी. आमच्याकडं सूत तुटाय लागलं की तेच करतो." फरशी ओली केली, ओली पोती दारात टाकली, सकाळी सहाला काम सुरू केलं. फिल्म शांत झाली.

तारा ओवायच्या दिवशी मात्र मी नेमकं उलटं करायला लावलं. पाणी बंद, सिलिका जेलची पाकिटं, दारं लावलेली. स्वित्झर्लंडमधल्या मेग-२ प्रयोगाच्या ड्रिफ्ट चेंबरमधल्या (वायू आणि तारांच्या ट्रॅकरमधल्या) चांदीचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा बांधणीच्या काळात तुटत गेल्या, आणि त्याचं कारण हवेतल्या ओलाव्याने झालेलं गंजणं होतं. आमच्या तारा वेगळ्या धातूच्या होत्या, तरी धोका पत्करायचा नव्हता. ताता थोडे नाराज दिसले. कोरड्या हवेत धागा ओवायचा हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. पण थांबले, आणि चौकटीवर तारा समान अंतरावर बसवायला त्यांची नजर आमच्या सगळ्यांहून तयार होती.

ताण तारेच्या कंपनावरून मोजला. तारेजवळ चुंबक धरायचा, तारेतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा आणि कुठल्या वारंवारतेला ती डोलते ते पाहायचं. ६० सेंटीमीटरच्या तारेला ५० ग्रॅमचा ताण दिला तर ती १९० हर्ट्झला डोलते. सकाळी १९० दाखवणाऱ्या तारा दुपारी १९८ दाखवू लागल्या तेव्हा मुलं गोंधळली. खोली २८ अंशांवरून ४० वर गेली होती. चौकट ॲल्युमिनियमची, ती उन्हाने टंगस्टनपेक्षा जास्त लांबते आणि तारेला ओढते. हिशेब जुळला. त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीशेजारी खोलीचं तापमान लिहायचं ठरलं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात काम करायचं तर ते लागतंच.

निष्पत्ती

एकूण बावीस नळ्या गुंडाळल्या, त्यातल्या सोळा गळतीच्या चाचणीत टिकल्या. त्याच चौकटीत, त्याच शिशावर मंद म्युऑनची चाचणी पुन्हा केली. फिल्मच्या नळ्यांमध्ये मंद आणि वेगवान कणांच्या पसाऱ्यात फारच थोडा फरक उरला, आणि तो हिशेबाशी जुळणारा होता. जिआंट-४ मधले १०५ एमईव्हीचे इलेक्ट्रॉनही तेच सांगत होते.

अंतिम अहवालात मुलांनी आधीची शिफारस खोडली नाही. ती जशीच्या तशी छापली आणि खाली ती का चुकीची होती ते चार पानांत लिहिलं. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या पानांवर काढला. ज्या दोघांना वाक्य गाळायचं होतं, त्यातल्या एकानेच ही पानं लिहिली.

सगळं नीट झालं असं मात्र नाही. मे संपेपर्यंत फिल्मच्या काही नळ्या सैल पडल्या. पॉलिएस्टर सतत ताणाखाली हळूहळू लांबत जातं, आणि त्याची भरपाई करणारी सोय चौकटीत नव्हती. दुसरं, शिशात थांबलेले सगळेच कण म्युऑन नव्हते. वैश्विक किरणांत मंद इलेक्ट्रॉनही येतात, तेही शिशात संपतात, आणि आमच्या यंत्राला दोघांत फरक करता येत नव्हता. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा जो पसारा आम्ही दाखवला, त्याचा काही भाग या इलेक्ट्रॉनांचा आहे. निष्कर्षाची दिशा त्याने बदलत नाही, पण आकडा पूर्ण शुद्ध नाही, आणि अहवालात तसं लिहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नळ्या विकत घेण्याआधी तो फळ्यावरचा हिशेब करायला हवा होता. त्याला वीस मिनिटं लागतात. पदार्थाची जाडी, त्याची प्रारण-लांबी (ज्या जाडीत वेगवान इलेक्ट्रॉन आपली बहुतेक ऊर्जा गमावतो ती) आणि कणाचा संवेग एवढंच लागतं, आणि सूत्र मुलांच्या पाठ्यपुस्तकात होतं. आम्ही तो केला नाही, कारण नळी ठरवताना मिळणं, टिकणं, परवडणं याचीच चर्चा झाली. प्रत्येक वेळी बोलणं "काय सोपं जाईल" इथे थांबलं, आणि ट्रॅकरमध्ये बांधायला सोपं जाणारं बहुतेक सगळं कणाच्या वाटेत येतं. म्यूथ्रीई प्रयोगात सिलिकॉनच्या ५० मायक्रॉन जाडीच्या चकत्या थंड ठेवायला पाण्याऐवजी हेलियम वायू फिरवतात, तो याच कारणाने. आता आमच्या विभागात कुठल्याही डिटेक्टरची खरेदी-यादी करताना पहिल्या ओळीत कण आणि त्याचा संवेग लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक वस्तूची जाडी प्रारण-लांबीच्या हिश्श्यात. गोंदाचीसुद्धा.

चाचणी आखतानाही प्रश्न उलटा विचारायला हवा होता: आपला आराखडा वाईट असेल तर ही चाचणी ते दाखवेल का? वेगवान म्युऑनची चाचणी ते कधीच दाखवू शकली नसती. हे आधी कळलं असतं तर शिसं पहिल्याच महिन्यात वर आलं असतं आणि फिल्मच्या नळ्यांना दुप्पट वेळ मिळाला असता. सैल पडण्याची अडचण कदाचित त्यातच सुटली असती.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. ॲल्युमिनियमचं मॉड्यूल आधी बांधल्यामुळे मुलांचा वायू, तारा, इलेक्ट्रॉनिक्स यांवर हात बसला. थेट फिल्मवर गेलो असतो तर पहिल्या पाच नळ्यांतच धीर सुटला असता असंही वाटतं. कदाचित तेच मॉड्यूल बांधायला हवं होतं, फक्त त्याला "सराव" म्हणायला हवं होतं. ते आता बी.एस्सी.च्या मुलांना वैश्विक म्युऑन दाखवायला वापरतो, आणि त्या कामाला ते उत्तम आहे.

या वर्षीच्या गटाने शिशाच्या वरचा काउंटर बदलायला घेतला आहे. थांबलेला धन म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी क्षय पावतो आणि त्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, निघतो. ती उशिराची चमक पकडली की खरे म्युऑन तेवढे वेगळे काढता येतील. नोंदींची संख्या फारच कमी होणार, म्हणून त्यांनी पावसाळाभर यंत्र चालू ठेवायचं ठरवलं आहे. दिवे गेले तर इन्व्हर्टर किती तास पुरतो, ते सध्या मोजत आहेत.